मंगलीची तारीख

मोबाइल उघडला की आधी गुलाबाची फुलं, मग सुविचार आणि त्याच्या पाठोपाठ दिनविशेष. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर हे रोज पहाटे येतंच. अमुक जयंती, तमुक पुण्यतिथी, कुठली लढाई, कुठला शोध. खाली पंचवीस जणांचे जोडलेले हात. पहिल्यांदा मीही हात जोडायची. आता वाचते आणि पुसून टाकते. तीस वर्षं हेच केलं मी, खडूनं. आता म्हातारपणी तेच उलटून अंगावर येतंय असं वाटतं.

त्यात हा मार्गशीर्ष. जळगावात थंडी पडली की आमच्या कॉलनीत वांग्याच्या भरताशिवाय दुसरा विषय नसतो. परवा मागच्या गल्लीत कुणीतरी पऱ्हाट्या पेटवल्या, वर हिरवी पांढुरकी वांगी मांडली, आणि कपाशीच्या त्या वाळक्या काड्यांचा धूर माझ्या खिडकीतून सरळ आत आला. सून म्हणाली, "आई, चंपाषष्ठीला आपणही करू. कळण्याच्या पुऱ्या करते, कांद्याची पात आणते." मी म्हटलं, करा. तुम्ही खा. मी चंपाषष्ठीला आणि तिच्या आदल्या दिवशी वांगं खात नाही. घरात सगळ्यांना वाटतं माझा खंडोबाचा काहीतरी नवस आहे. मीही कधी खुलासा केला नाही. नवस म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत, ही एक सोय.

मी बोदवडची. नोकरीची शेवटची सतरा वर्षं मात्र चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात काढली. सातवीपर्यंतची, तरी दोन शिक्षकी शाळा. एक मोठे गुरुजी, एक मी. समोर डोंगर, मागं नाला, आणि दाराशी माझा फळा. त्या फळ्याचा मला भारी गर्व होता, खोटं कशाला बोलू. तालुक्यात बाईंचा दिनविशेषाचा फळा म्हणून नाव होतं. साहेब लोक तपासणीला आले की आधी फळ्यासमोर उभे राहायचे. वर तारीख, वार, तिथी. खाली रंगीत चौकटीत दिनविशेष. त्यासाठी मी एक वही केली होती, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान. वर्तमानपत्रांची कात्रणं, जुन्या डायऱ्या, कुठून कुठून गोळा केलेलं. एकोणतीस फेब्रुवारीलासुद्धा पान होतं त्या वहीत. चार वर्षांतून एकदा उगवणाऱ्या दिवसासाठी मी जागा राखली होती, एवढी माझी शिस्त.

सकाळी परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा झाली की एखादी मुलगी पुढे येऊन फळ्यावरचं मोठ्यानं वाचायची. जगाच्या पाठीवर कुठेतरी दीडदोनशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या माणसाचं नाव आमची पोरं अडखळत घ्यायची. ज्यांच्या बापांनी चोपड्याच्या पुढचं जग पाहिलं नाही, त्यांना मी समुद्रापलीकडची माणसं पाठ करायला लावायची. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट होतं ते दुसरंच.

शाळेच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक पडवी होती. तिथे जमनाबाई पोरांची खिचडी शिजवायची. डोंगराकडच्या पाड्यावरची. पावसाळ्यात कोरडवाहू ज्वारी-तूर, उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि टेंभुर्णीची पानं, बाकी मिळेल ती मजुरी. त्यात ही खिचडी. हाताला चलाख, तोंडाला त्याहून. मी फळा लिहायला लागले की ती चुलीशी बसून बघत राहायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण रोज विचारायची, "बाई, आज कोन मरनं? का कोन जन्मनं?" मी सांगायची. ती ऐकून म्हणायची, "भला मानूस व्हता मंग तो. इतला दूरना, तरी तुमले याद शे." आणि मला गुळाचा चहा द्यायची, कपाला धुराचा वास असलेला. त्या चहाशिवाय माझी शाळा सुरू होत नसे.

मंगली तिची मुलगी. सहावीत. मंगळवारी जन्मली म्हणून मंगली. आम्ही दाखल्यावर तिचं मंगला केलं, तर ती हाक मारली तरी ओ द्यायची नाही. "मी मंगली शे बाई," म्हणायची. परिपाठात वाचायला सगळ्यात पुढे. जोडाक्षर आलं की डोळे मिटायची, मनात जुळवायची आणि मग धाडकन म्हणून टाकायची. चुकलं तर आईकडे बघून हसायची, कारण आईला ते चुकलंय हे कळणार नाही याची तिला खात्री.

दिवाळीची सुटी संपली की आमची शाळा रिकामी व्हायची. कापूस वेचणी. सकाळी उजाडायच्या आत ट्रॅक्टर-ट्रॉल्या पाड्यावर यायच्या आणि बायांबरोबर पोरं-पोरी भरून न्यायच्या. पोरांची बोटं बारीक, बोंडातून कापूस झटकन निघतो म्हणून शेतवाल्यांना पोरं हवीच असायची. गावात कुणाला यात काही विशेष वाटत नसे. मलाही वाटत नसे, हे आधी लिहिते. वर्गात पंधरा-सतरा पोरं, हजेरीपत्रकात मात्र एकेचाळीस. पट घसरला तर एक शिक्षक कमी होईल, शाळा दुसऱ्या गावाला जोडतील, ही भीती. म्हणून मोठे गुरुजी म्हणायचे, "बाई, कापसाच्या दिवसांत हात जरा मोकळा ठेवा." मी मोकळा ठेवायची. सकाळीच सगळ्यांना हजर मांडून टाकायची, एका दमात, सुंदर अक्षरात.

जमनाबाईला मी पट ओरडून सांगायची. ती शिध्याच्या पिंपाशी उभी राहून डोळा बारीक करायची. "एकेचाळीसना तांदूय टाकू, का खरा पोरंस्ना?" मी म्हणायची, "अगं, लिहायचं एक, शिजवायचं एक." ती हसायची. त्या दिवशी सकाळीही हसली. वर विचारलं, "त्यामा मन्ही मंगली बी शे का?" मंगली तर पहाटेच मावशीबरोबर ट्रॉलीत बसून गेलेली. मी म्हटलं, "आहे की. हजर." आम्ही दोघी हसलो. खूप हसलो. चंपाषष्ठीचा आदला दिवस होता. तिनं मला दोन वांगी आणून ठेवली होती, तिच्या परसातली, उद्याच्या भरतासाठी.

दुपारी पोरांच्या ताटल्या मांडल्या होत्या. एक माणूस मोटरसायकलवरून आला. गाडी चालू ठेवूनच त्यानं जमनाबाईला काहीतरी सांगितलं. नाल्याच्या उतारावर ट्रॉली उलटली होती. बाकीच्यांना लागलं, मंगली ट्रॉलीखाली सापडली, जागीच गेली. जमनाबाईच्या हातात खिचडीचा पळा होता. तो तिनं पातेल्यात नीट ठेवला, झाकण लावलं, आणि त्या माणसाच्या मागे गाडीवर बसली. मी पोरांना वाढलं. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

दिवस मावळायच्या आत सगळं उरकलंही होतं. ट्रॅक्टर ज्यांचा, ते गावातले मोठे असामी. सगळे त्यांना आबा म्हणायचे. आबा शाळेत आले. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाई, आजची हजेरी दाखवा बरं." मी दाखवली. त्यांनी बोट फिरवत फिरवत मंगलीच्या नावावर आणलं. "पोरगी तर शाळेत होती," ते म्हणाले. "शाळा सुटल्यावर घरी जाताना नाल्यात घसरली असेल. पोरं ऐकतात का?" मोठे गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. मी आबांच्या बोटाकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. आबा, ती शाळेत नव्हती, मी खोटं मांडलंय. बस, एवढंच. ते वाक्य बोलायच्या जागी मी हजेरीपत्रक मिटून ठेवलं. आबा उठले, नमस्कार करून गेले. मग गुरुजी म्हणाले, "खाडाखोड करू नका बाई. एक नाव खोडलं तर सगळी हजेरी उपसतील."

झालं. कागदावर मंगली नाल्यात पडली. जमनाबाईनं चार ठिकाणी सांगून पाहिलं की पोर ट्रॉलीत होती. प्रत्येक ठिकाणी तिला एकच उत्तर मिळालं, शाळेच्या हजेरीत बघा. ती मात्र हजेरी बघायला माझ्याकडे कधी आली नाही. तेराव्यानंतर खिचडीला परत आली. चहाही द्यायला लागली. मला वाटलं, विसरली. बाई माणसं काय काय विसरतात, असं मनाशी म्हणून मी सुटले. किती हलकट असतं माणूस, स्वतःला सोडवताना!

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात, थंडी अशीच पडलेली, मी फळा पुसत होते. ती मागे येऊन उभी राहिली. "बाई, आज मन्ही आंडेरना दिन शे. फळावर लिखा ना."

आंडेर म्हणजे लेक. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अगं, दिनविशेष तारखेनं लिहितात. तारीख सांग, लिहिते."

"तारीख माले काय मालूम? चंपाषष्ठीना आदला दिन. तुम्ही ते आठेच व्हतात."

"होते गं इथेच, पण माझ्या लक्षात नाही. आणि तिथीचं चालत नाही. तिथी दरवर्षी पुढेमागे होते."

"बठ्ठा जगना लोकेस्नं तुमले याद शे," एवढंच म्हणाली आणि चुलीकडे गेली.

माझ्या लक्षात नाही! ज्या बाईला वर्षाचे सगळे दिवस पाठ, तिच्या लक्षात नाही. ती तारीख मला माझ्या लेकरांच्या वाढदिवसांपेक्षा पक्की आठवत होती. त्या तारखेला माझ्या वहीत एका परदेशी शास्त्रज्ञाचं नाव होतं. दरवर्षी ती तारीख आली की मी त्या शास्त्रज्ञाचं नाव जरा जास्तच नटवून लिहायची. चारी बाजूंनी वेल काढायची, कोपऱ्यात फूल. फळ्यावर बोटभर जागा रिकामी राहू द्यायची नाही. आणि जमनाबाई चुलीशी बसून विचारायची, "आज कोन शे बाई? भलताच मोठा दिखस." मी त्या शास्त्रज्ञाचं नाव सांगायची.

मी निवृत्त होईपर्यंत तिनं आठ वेळा विचारलं. आठही वेळा चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी, फळा पुसताना, मागे उभं राहून. आठही वेळा मी म्हटलं, तारीख सांग. एका वर्षी तिनं बाजारातून जुनं कॅलेंडर आणलं होतं, कुठल्याशा किराणा दुकानाचं. माझ्यापुढे धरलं. "यामा दखा ना बाई." मी पानं उलटली आणि सांगितलं, हे त्या वर्षाचं नाही. नव्हतंच ते त्या वर्षाचं. पण त्या वर्षाचं असतं तरी मी तेच सांगितलं असतं. तिनं कॅलेंडर गुंडाळलं, चूल पेटवायला ठेवलं.

निरोप समारंभात गावानं मला साडी-श्रीफळ दिलं. आबाच अध्यक्ष. भाषणात म्हणाले, बाईंनी आमच्या पोरांना इतिहास शिकवला. जमनाबाईनं त्या दिवशी सगळ्यांना शिरा केला होता. मला वाढताना म्हणाली, "आते फळा कोन लिखी?" मी म्हटलं, नवीन सर येतील. वही ठेवून चाललेय.

त्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत चोपड्याच्या एसटीत मी बसले नाही. बोदवडला जायचं, भुसावळला बहिणीकडे जायचं, त्या बाजूला पाय वळला नाही. पण परवाच्या पऱ्हाट्यांच्या धुरानं काय केलं कोण जाणे. मुलाचं घर, गरम पाणी, सुनेची विचारपूस, सगळं नीट चाललेलं, आणि मी तिथे त्या धुरात उभी राहून नुसती चिडलेली. ग्रुपवरच्या गुलाबांवर, आबांवर, गुरुजींवर, जे आता या जगात नाहीत. चिडून चिडून दमले तेव्हा शेवटी एकच माणूस उरलं चिडायला.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघाले. सुनेला सांगितलं, खंडोबाला चाललेय. शेवटचं खोटं, म्हटलं, चालवून घेऊ.

नवीन सर चांगला मुलगा आहे. धुळ्याकडचा. "मॅडम, तुमचीच वही अजून वापरतो आम्ही," म्हणाला आणि ती काढून आणली. लाल पाठ फिकट झालेली. मी ती तारीख उघडली. शास्त्रज्ञ जागेवर होते. मग त्याला विचारलं, "जुन्या हजेऱ्या कुठे आहेत?" माझ्या मनात होतं, ते पान काढायचं, त्याच्यासमोर बोट ठेवायचं, आणि बारा वर्षांपूर्वी आबांसमोर न बोललेलं वाक्य बोलायचं. सर म्हणाला, "त्या मागच्या उन्हाळ्यात निकाली काढल्या, मॅडम. वाळवी लागली होती. जमनामावशींना दिल्या चूल पेटवायला."

मी बाकावर बसले. ज्या कागदाच्या भीतीनं मी एवढी वर्षं गप्प बसले, तो कागद जमनाबाईनंच जाळला होता. तिला ठाऊकही नसेल कोणत्या चिठोऱ्यावर तिची पोर हजर बसली होती. त्यावर दूध उतू गेलं असेल, नाहीतर डाळ शिजली असेल. माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून आता फक्त मीच उरले होते.

खडू मागितला. सर म्हणाला, "लिहा ना मॅडम, आमचं भाग्य." मी फळा पुसला. वर त्या दिवशीची तिथी लिहिली. खाली लिहिलं की याच तिथीला, अमुक तारखेला, अमुक वर्षी, आपल्या शाळेची सहावीची विद्यार्थिनी मंगली कापूस वेचायला नेणारी ट्रॉली उलटून मरण पावली. ती त्या दिवशी शाळेत नव्हती. तिची हजेरी खोटी होती. ती मी लिहिली होती. खाली माझं नाव. तारीख पूर्ण लिहिली, इथे लिहीत नाही. जिथे लिहायची होती तिथेच बारा वर्षं उशिरा लिहिली, आता ती मिरवायला नको. वेल काढली नाही. सर मागे उभा राहून वाचत होता. "मॅडम... हे असू द्यायचं?" त्याचा आवाज उतरला होता. मी म्हटलं, "परिपाठात वाचून घ्या."

एका मुलीनं वाचलं. सहावीतलीच असावी. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. 'विद्यार्थिनी'पाशी थांबली, पुन्हा म्हणाली. पडवीत जमनाबाई तांदूळ निवडत होती. केस पांढरे झालेत, कमरेत वाकलीये. मंगलीचं नाव आलं तेव्हा तिचा हात थांबला. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. मग सूप बाजूला ठेवून आली, फळ्यासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघत राहिली.

"यामा तारीख कोनती?" तिनं विचारलं.

मी बोट ठेवून दाखवली. मोठ्यानं म्हणून दाखवली.

"हाई तुमले कोनी सांगी?"

"कुणी नाही. मला ठाऊक होती."

"कव्हयपाईन?"

"त्याच दिवसापासून, जमनाबाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडेल, ओरडेल, हात उगारेल, त्यातलं काहीही मी घेतलं असतं. त्यासाठीच तर आले होते. तिनं पदरानं हात पुसले.

"आनि इतला वरीस तुम्ही मालेच इचारी राह्यंतात," ती म्हणाली.

मला तिला सांगायचं होतं की मी भ्याले. ती वळली. माझ्या अंगावरून पुढे जाऊन सरांसमोर थांबली.

"सर, आज पट कितला शे? वहीमा दखू नका. पोरं मोजीसन सांगा."

सर गोंधळला. मग अंगणात गेला आणि रांगेतल्या एकेका पोराच्या डोक्यावर हात ठेवत मोजायला लागला. जमनाबाई चुलीशी बसून वाट बघत राहिली. चुलीवर आधण ठेवलेलं होतं. मला चहाचं तिनं विचारलं नाही.